साहुलीची सायकल

अंत्सिराबेच्या इस्पितळात, जुलैच्या कडाक्याच्या थंडीत,
सोळा रात्री माझ्या उजव्या हातात सुई होती.
सतराव्या सकाळी साहुलीने ती काढली,
कापूस दाबून धरला, म्हणाली, जा आता घरी.
आणि माझा नवरा, नारिवु,
आभार मानायचे सोडून
विचारतो काय, तर,
ती नळी टाकूनच देणार असाल तर मी नेऊ?

धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.
शेजारच्या खाटेवरची म्हातारी हसली,
तोंडात दात नव्हता एकही,
हसू मात्र अख्खं.

आमच्या घरातून कचरा असा बाहेर जातच नाही.
दुधाचा डबा संपला की त्याची रिक्षा होते,
माणसाने ओढायची, दोन दांड्यांची,
गुडघा जाईपर्यंत तो स्वतः ओढायचा तशीच,
फक्त बोटभर.
वरून लाल रंग. पण आत डोकावलंत
तर साखर किती टक्के ते अजून वाचता येतं.
प्रवासी लोक विकत घेतात. आत कुणी डोकावत नाही.

ही रिक्षा नव्हती व्हायची.

माझ्या दुसऱ्या आठवड्यात
इस्पितळाच्या फाटकातून साहुलीची सायकल चोरीला गेली.
तेव्हापासून ती बेताफुच्या रस्त्याने दीड तास चालत यायची,
आणि माझ्या मनगटाला हात लावण्याआधी
स्वतःचे तळवे काखेत धरायची घटकाभर,
ऊब येईपर्यंत.
नारिवु हे बघायचा. बोलायचा नाही काही.

नळी त्याने तीनदा उकळली,
भाताच्याच पातेल्यात,
त्यावरून दोन दिवस अबोला.
टेलिफोनच्या तारेचा सांगाडा झाला.
गळाच्या दोरीचे आरे, एका चाकाला अठ्ठावीस,
ते मी ओवले, डाव्या हाताने,
उजवा अजून सुजलेला होता.
बसायच्या जागेला माझ्या चपलेची टाच गेली,
मला न विचारता.
घंटी म्हणजे मुलीच्या झग्याचं टिचबटण.
मुलगी रडली, मग तीच म्हणाली,
डाव्या बाजूला लाव, तिथे बरं दिसतं.

शेवटी टायर.
नळी चाकावर मोजून कापली,
आत काडीचा तुकडा सारून
दोन्ही तोंडं एकमेकांत बसवली.
उकळली होती, झटकली होती, फुंकली होती,
तरी आत एक थेंब राहिलाच.
तो पुन्हा उघडायला निघाला.
मी म्हटलं, असू दे.

वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेलो.
वाटेत मला पुन्हा लाज वाटायला लागली.
जिची खरी सायकल गेली
तिला तळहातावर मावणारी सायकल द्यायची?
वाळलेल्याला पाण्याचं चित्र दाखवावं तसं.
नारिवु लंगडत पुढे चालला होता,
त्याला हे सांगून काय उपयोग.

साहुलीने कागद सोडला.
नखाने पायडल फिरवलं.
मागचं चाक गरगरलं,
आरे दिसेनासे झाले,
आणि थेंब, तो तेवढा
तळाशीच थांबला,
चाक भोवती फिरत राहिलं तरी.

तिने माझ्या मनगटाकडे पाहिलं,
डाग पिवळा पडत आला होता.
मग चाकाकडे.
कितवी बाटली? तिने विचारलं.
शेवटची, नारिवु म्हणाला,
जसं काही त्यानेच ती भरली होती.

कुणीतरी आतून हाक मारली. ती गेली.
धन्यवाद वगैरे राहूनच गेलं.

संध्याकाळी आम्ही बाजारातून परततोय
तर मागून भरभर पावलं,
साहुली आम्हाला ओलांडून पुढे निघाली,
चालतच, मान खाली, दीड तास पुढ्यात.
एक हात मोकळा हलत होता.
दुसरा कोटाच्या खिशात होता, आणि खिशातून
टिच, टिच.

थंडी होतीच म्हणा.